योकोसुकाला कुणी जातंय का?

शशिकांत : महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलंस? चारशे बारा माणसांच्या?

नीला : चारशे तेरा. इशिता काल ॲड झाली.

शशिकांत : वाच. जसं लिहिलंयस तसंच वाच.

नीला : "नमस्कार मंडळी. जपानला योकोसुकाला कुणी जातंय का? आमच्या आन्याची बोट चौदा तारखेला तिथे लागतेय. अर्धा किलो चिवडा आणि अकरा लाडू पोचवायचे आहेत. बॅगेत जागा नसेल तर लाडू राहू देत."

शशिकांत : बोट नव्हे, डिस्ट्रॉयर.

नीला : डिस्ट्रॉयर लिहिलं असतं तर चिवडा कोण घेऊन गेलं असतं?

शशिकांत : अगं, पोरगी अमेरिकेच्या नेव्हीत लेफ्टनंट आहे. फोनवर तिने तुला बजावलं होतं, आई, डोंट टेल एनीवन.

नीला : मग मी कुणाला सांगितलं? मंडळ म्हणजे काय कुणी आहे? गणपतीत तिचं लेझीम बघितलेली माणसं ती. इथून, रेडमंडहून पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेतून तीस वर्षं माझे डबे गेले. कुणी जात असलं की विचारायचं. मला दुसरं काही येत नाही.

शशिकांत : आज एकोणीस तारीख.

नीला : माहीत आहे मला.

शशिकांत : सहा दिवस तिची ईमेल नाही. सकाळी मिसेस हॉफमनचं पत्र आलं. योकोसुका कॅन्सल, कारण सांगता येत नाही.

नीला : त्या हॉफमनबाई म्हणजे जहाजावरच्या मुलांच्या घरच्यांना कळवाकळवी करतात, त्याच ना? चांगल्या आहेत हो.

शशिकांत : चांगल्याच आहेत. पत्राखाली ठळक अक्षरांत लिहिलंय, घरच्यांनी तारखा कुठेही लिहू नयेत.

नीला : टीव्हीवर दाखवत होते, चिनी जहाजं आपल्या अमेरिकन जहाजांच्या अगदी अंगावर येतायत. त्यात तिचं आहे का?

शशिकांत : नावं सांगत नाहीत.

नीला : शनिवारी मंडळातल्या सीनियर्सना लेक्चर देताना तर तुम्हाला सगळं ठाऊक होतं. या टेबलावर पॅसिफिकचा नकाशा अंथरलात, माझे मसाल्याचे डबे मांडलेत. त्यांनी तिकडून पाच सरकवले, की आपण इकडून दोन सरकवायचे. त्र्यंबकभावजी टाळ्या वाजवत होते. आता सरकवा.

शशिकांत : हात लावायची भीती वाटते.

नीला : यात आन्याचा डबा कुठला?

शशिकांत : जिऱ्याचा.

नीला : झाकण नीट बसत नाही त्याचं.

शशिकांत : नीला, तुझा मेसेज कुणी वाचला म्हणून योकोसुका कॅन्सल झालं, असं काही नाही. चिनी नौदलाला मंडळाच्या ग्रुपवर काय काम?

नीला : आपल्या मंडळातल्या सत्यजितने तो जपानच्या मंडळाला फॉरवर्ड केला. तिथून सिंगापूरला गेला. तिथल्या एका बाईंनी मला लाडवांची रेसिपी विचारली. मी त्यांना ओळखत नाही, अहो. रेसिपी दिली.

शशिकांत : तरी तारीख चुकीचीच होती.

नीला : हो ना. माझी चौदा चुकलीच होती. म्हणून तर खाली कुणीतरी दुरुस्त केली.

शशिकांत : (तिच्या हातातला फोन घ्यायला हात पुढे करतात.)

नीला : वाचू?

शशिकांत : मी ते डिलीट केलंय.

नीला : सत्यजितने आधीच फॉरवर्ड केलं होतं. "करेक्शन : चौदा नव्हे, सोळा. पहाटे सहाच्या सुमारास. शशिकांत."

शशिकांत : चुकीचं दिसलं की राहवत नाही मला.

नीला : ठाऊक आहे. लग्नपत्रिकेतसुद्धा माझ्या वडिलांचं नाव दुरुस्त केलं होतंत.

शशिकांत : हॉफमनबाईंना सांगायला हवं.

नीला : सांगितलं तर आन्याच्या नोकरीवर येईल.

शशिकांत : येईल. नाही सांगितलं, तर त्या जहाजावर तीनशे जण आहेत. त्यांच्या कप्तानाला माहीतच नसेल, की सिंगापूरच्या बाईंना माहीत आहे.

नीला : तीनशे म्हणू नका. मला एकीचंच सुचतंय.

शशिकांत : मलाही.

नीला : मग माझं नाव आधी सांगा. चिवडा माझा होता.

शशिकांत : तारीख माझी होती.

(शशिकांत फोन घेऊन पावसात घरामागच्या डेकवर जातात. अकरा मिनिटांनी आत येतात.)

नीला : काय म्हणाल्या?

शशिकांत : थँक यू म्हणाल्या. दोनदा. ग्रुपची नावं लिहून घेतली. रेसिपी मागणाऱ्या बाईंचा नंबरही घेतला.

नीला : आपल्यामुळे झालं का?

शशिकांत : विचारलं. म्हणाल्या, ते मला माहीत नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं.

नीला : आन्या?

शशिकांत : तेही नाही सांगत. कुठे, कशी, काहीच नाही. आवाज मात्र फार गोड होता, त्याचीच जास्त भीती वाटली.

नीला : बसा. डोकं पुसा आधी. आणि तो नकाशा उचला.

शशिकांत : डबे?

नीला : बाकीचे आत ठेवा. जिऱ्याचा राहू दे.

शशिकांत : नकाशाच नाही, तर कुठे ठेवू?

नीला : कुठेही. माझ्या हाताला लागेल असा ठेवा.