घडीमागची आत्या

फोटो स्टुडिओच्या काउंटरपाशी मायलेक उभे होते. त्यांच्या मागे पासपोर्टच्या फोटोसाठी आलेल्या एक शिक्षिकाबाई. नजर मोबाइलवर, कान मात्र पुढे टवकारलेले.

"आई, स्क्रीनवर बघ! तुझ्या लग्नाचा फोटो, नवा कोरा. कडेची घडी पार गेली."

"आणि या कोण उगवल्या?"

"अगं, आत्या! इतकी वर्षं घडीमागे दडली होती बिचारी."

"दडल्या नव्हत्या. मी दुमडलं होतं."

"आई!"

"लग्नात वन्संनी माझ्या मामाला भरल्या ताटावरून उठवलं. मी वन्संना फोटोतून उठवलं."

"जाऊ दे गं आता. घरच्या ग्रुपवर टाकलाय. आत्याने बदामही पाठवला."

"जुना कुठाय?"

"टाकून द्यायला सांगितला."

"अहो फोटोवाले, तो कचऱ्यातून काढा आधी."

"आई, हा नवा कायमचा टिकेल!"

"तीच तर पंचाईत आहे. तुझा स्क्रीन दुमडता येतो का?"

फोटोवाल्याने जुना फोटो पुढे केला. आईने त्याच रेषेवर अंगठा दाबून घडी घातली आणि तो पर्समध्ये ठेवला.

"मग हॉलमध्ये मोठा लावायचा होता, त्याचं काय?"

"लाव की खुशाल. फक्त दाराशेजारी लाव. वन्सं झाकल्या जातील इतकं दार मी कायम उघडं ठेवीन."