साठ होईपर्यंत हात बादलीत

काढू नका, काढू नका हात — अजून साठ झाले नाहीत. एकेचाळीस, बेचाळीस... हसताय काय? नदीचंच पाणी आहे, आत्ता भरून आणलंय. बाहेर ऊन पडलं, स्वेटर खांद्यावर टाकला, की तुम्हाला वाटतं हिवाळा संपला — ही हवा म्हणजे गोडबोली सून हो भाऊ, आणि खाली पाणी आहे ना, ती सासू. तिची गाठ पडते ती बुडताना. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. काढा. आता शर्टाचं वरचं बटण लावा बघू. लावा ना. नाही ना लागत? बोटं आहेत की गाजरं! मग होडी मिळायची नाही. चिडून उपयोग नाही, हा माझा नियम आहे आणि हिवाळ्यात तो कोणाच्या बापाला सुटत नाही. चौथी शिकलेय मी, पण एवढं कळतं — ज्याला बटण लावता येत नाही त्याला उलटलेली कयाक धरता येत नाही. कयाक म्हणजे काय, शेंग नुसती, बूड टेकलं की भरली. मासा जोरात ओढतो तेव्हा माणसाआधी तीच कलते.

पण बसा. हात पुसा — त्या फडक्याला नको, त्याला गांडुळांची माती आहे. बसा हो, होडी नाही मिळाली म्हणून टपरीत बसायचं नाही असं थोडंच आहे? मी उभीच बरी, इथून नदी दिसते. मासे? आहेत की. थंडीत मासा आळशी होतो, डोहाच्या तळाशी पडून राहतो, असं चार दिवस ऊन पडलं की दुपारचं जरा तोंड उघडतो. गळ त्याच्या नाकासमोर नेऊन ठेवायचा आणि गप्प बसायचं — घरजावई तो, ताट पुढ्यात आलं तरच जेवणार. डोह त्या वळणापलीकडे. नाही, काठाने जाता येत नाही, सरळ पाण्यात उतरलेला कातळ आहे. म्हणून तर होड्या. दोन आहेत, पाटीवर बरोबर वाचलंत. लाल बाहेर गेलीये. आमचे हे गेलेत. दहाला गेले, बाराला येतो म्हणाले. आता — पावणेदोन. येतील.

तीस वर्षं बस चालवली ह्यांनी, कोणाच्या सायकलला ओरखडा नाही. मग हात थरथरायला लागले, आधी उजवा, मग डावा — त्याला वाटलं आपण कशाला मागे राहायचं. डॉक्टर म्हणतात, वाढत जाईल, हळूहळू. हळूहळू म्हणजे काय हो? तेवढं विचारलं की ते पेनाचं टोपण लावतात. कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि स्टेअरिंग काढून घेतलं. आता नदीत चालवतात. वळणावर हात बाहेर काढून दाखवतात, खरंच — मागून कोण येतंय, बदकं!

बादली? ह्यांना? विचारलंतच शेवटी. ठेवली ना सकाळी पुढ्यात, नियम म्हणजे नियम. त्यांनी हात घातले, मी साठ मोजले. पन्नास. खरं सांगायचं तर तीस. आणि मग बटण — कोरड्या हाताने लागत नाही त्यांना, ओल्याने कुठून लागणार — तिथेच अडकले, माझ्याकडे बघत राहिले, पाढा विसरलेल्या पोरासारखे. मी लावलं. मीच, ह्या हातांनी. आणि वर म्हटलं, लागलं बघा, जा.

का म्हणजे? घरी बसवून ठेवू? चमचा ताटलीवर टकटकटक, कप बशीवर टकटकटक, पेपर उघडला की फडफड — दिवसभर. मी किंचाळते, म्हणते ठेवा तो चमचा खाली! ठेवतात बिचारे. मग दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात, आणि ते तर त्याहून बघवत नाही. वल्हं धरलं की थांबतं जरा. निदान थांबल्यासारखं दिसतं लांबून. आणि — तुम्ही कोण कुठले, उद्या तोंडही दिसायचं नाही तुमचं, म्हणून सांगते — मलाही दोन तास हवे होते. बिनटकटकीचे. काय सुंदर गेले हो! एकदा चहा प्यायले, परत केला, परत प्यायले. बारा वाजले तेव्हा वाटलं, अजून थोडा वेळ नाही आले तरी चालेल. असं वाटलं मला. साडेबाराला त्या वाटण्याची लाज वाटायला लागली, ती अजून वाटतेय.

फोन त्यांचा इथेच आहे, गळांच्या डब्यात. बचाववाल्यांचा नंबर पाठ आहे मला. लावून काय सांगू? ते भोंगा वाजवत येणार, होडी ओढून नेणार, कागदावर सही घेणार — ह्या माणसाला उद्यापासून नदी बंद. आणि हे तिकडे मजेत मासा खेळवत असले तर? घरात टकटकही राहायची नाही मग, खुर्चीतच संपतील. आणि नसले खेळवत तर... दोनपर्यंत बघते. मघाशी दीड म्हटलं होतं. त्याआधी एक. तुम्हाला हाक मारली ती कशाला वाटलं? होडी द्यायला? वळणापर्यंत पाठवणार होते, लांबून बघून या म्हणून. पण तुमचंही बटण लागलं नाही. एकाला खोटं पास केलं तो तिकडे आहे, दुसऱ्याला कसं करू? मला म्हणाल तर पोहता येत नाही. नदीकाठी जन्म गेला, घोट्याच्या वर कधी उतरले नाही.

उठलात का? कुठे? — हो. हो, लालच. आत कोणी आहे ना? आहे, टोपी आहे. आडवी येतेय होडी. वल्हं का मारत नाहीत? मांडीवर ठेवलंय, हात दोन्ही काखेत... प्रवाह आणतोय नुसता. ओ, तुम्ही नका जाऊ! हात द्यायचा नाही, कोणी हात दिलेला चालत नाही त्यांना, धक्क्याचा खांब स्वतःच धरतात. — सुटला. राहू दे, पुढे दुसरा आहे. — हां, कोपर अडकवलं. अडकवलं कोपर.

हसतायत बघा. मासा दाखवतायत, वीतभर, तोही हातात नाचतोय, मेलाय तरी. — अहो, ओठ निळे पडलेत, आधी बाहेर या! — काय? — ऐकलंत? उद्या नऊलाच निघतो म्हणतायत. हवा झकास आहे म्हणे. रेडिओवर सांगितलंय, अख्खा आठवडा अशीच राहणार. अख्खा आठवडा.

निघा तुम्ही, भाऊ. टपरी बंद. निघा म्हणते ना — बघत काय उभे राहिलात माझ्याकडे?