मैना नावाची बाई कोण, याबाबत

ठाणे चांदूर बाजार. दिनांक १४ मार्च १९६३, वेळ सकाळी अकरा.

नाव पुंजाजी सोनाजी भुयार, वय ४८ वर्षे, धंदा शेती, राहणार मौजे पिंपळझिरा, जिल्हा अमरावती.

ठाण्यात समक्ष विचारल्यावरून मी आपल्या तोंडाने सांगतो की, माझा धाकटा भाऊ उत्तमराव याने परवा येथे अर्ज दिला आहे. मी मैना नावाच्या बाईशी चोरून दुसरे लग्न केले व तिला संत्र्याच्या बगीच्यात निम्मा हिस्सा लिहून दिला, असे त्याचे म्हणणे आहे. पैकी हिस्सा लिहून दिला हे खरे आहे. मैना नावाची बाई आहे हेही खरे आहे. दुसरे लग्न खोटे आहे. मला एकच बायको आहे व तेवढ्यात माझे भागते.

माझ्या बायकोस गावात तानुबाई म्हणतात. तिचे माहेर वरूड. आमचे लग्न सन १९३३ साली झाले. माझ्या मायचे नाव मैनाबाई होते आणि सुनेचेही मैनाच निघाले. आपल्याच नावाने सुनेवर ओरडणे मायला जमेना, म्हणून तिने दुसऱ्याच दिवशी सुनेचे नाव तानुबाई ठेवले. उत्तमराव त्या वेळी पाच वर्षांचा होता, त्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. मला ठाऊक असण्याचे कारण होते. पण मी बायकोला 'अवं' एवढीच हाक मारतो, त्यामुळे पहिले नाव विसरून गेलो. माय १९५४ साली वारली, तरी नाव परत करायचे कोणाच्या ध्यानात आले नाही.

मागील दसऱ्यापासून दोन महिने मी अमरावतीस दवाखान्यात होतो. पोटाचे ऑपरेशन झाले. तेवढे दिवस बगीचा बायकोने पाहिला. त्या काळात शेजाऱ्याने आमच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, तीन बाभळी तोडून नेल्या. ती पटवाऱ्याकडे गेली. पटवारी म्हणाला, "बाई, कागदावर तुमचं नाव कुठं हाय? मालकाले पाठवा." ती परत आली. दर आठ दिवसांनी ती मला भेटायला मोटारीने येत असे, दशम्या आणत असे. गाय व्याली, विहिरीला पाणी चांगले आहे, हे सर्व सांगत असे. बाभळींबद्दल ती बोलली नाही. घरी आल्यावर मी बुंधे पाहिले. पटवाऱ्याचे बोलणे मला गावच्या कोतवालाकडून समजले. मी तिला काही विचारले नाही. पंधरा दिवसांनी बक्षीसपत्रासाठी स्टांप आणला.

दिनांक २२ जानेवारी रोजी आम्ही दोघे अचलपुरास रजिस्ट्रीच्या कचेरीत गेलो. बाहेर निंबाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाने विचारले, हिस्सा कोणाच्या नावे? मी म्हणालो, लिहा तानुबाई. बायको माझ्या मागे उभी होती. ती म्हणाली, "थे माहं नाव नाही."

मी म्हणालो, "मंग कोनाचं व्हय?"

"थे तुमच्या मायनं देल्लं. माहं नाव मैना हाय."

"तीस वर्सं कावून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कवा?"

मी तिला समजावले की, सगळा गाव तानुबाई म्हणतो, तेच नाव राहू दे. त्यावर ती म्हणाली, "राहू द्या. वावर तानुबाईलेच द्या मंग. तिले कुठून तरी धुंडून आना." अर्जनवीसाने लेखणी खाली ठेवली व पान लावले. मी त्याला मैनाबाई असे लिहायला सांगितले.

तिची ओळख पटवायला माणूस लागत होता. तिचा भाऊ देवमन समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेला सापडला. तो वरूडहून त्याच दिवशी, त्याच कचेरीसमोर कसा आला, ते मी विचारले नाही.

आत साहेबांनी मला सांगितले की, ज्या बाईस हिस्सा देता तिचे नाव स्वतः घ्या. मी घेतले. साहेबांस ऐकू गेले नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने घ्यावे लागले. बायकोने तोंडाला पदर लावला. ती हसली की काय, हे मला सांगता येत नाही, कारण मी साहेबांच्या टेबलाकडे पाहत होतो.

दिनांक ११ मार्च रोजी पटवाऱ्याने चावडीवर फेरफार वाचला. त्यात "मैनाबाई जौजे पुंजाजी" असे आले. जौजे म्हणजे बायको, हे उत्तमरावास कळते. तो तिथून थेट माझ्या घरी आला. बायको त्या वेळी वरूडला भाचीच्या लग्नास गेलेली होती. उत्तमराव म्हणाला, "दादा, कोन हाय थे मैना?"

मी म्हणालो, "हाय एक बाई. सावळी हाय, बोलाले तिखट हाय. पन मले आवडते."

हे मी गमतीने बोललो. त्याने लोटा आपटला व म्हणाला, "वैनीनं मले लहानाचा मोठा केला. तिच्या पाठीमागं तुनं हे केलं?" मी खुलासा करण्याच्या आत तो निघून गेला. तो ठाण्यात जाईल असे मला वाटले नाही. दुसऱ्या दिवशी तो चार कोस पायी येथे आला, असे समजते. आमच्यात वाटण्या १९५७ सालीच झाल्या आहेत. या बगीच्यात त्याचा काही हक्क नाही व त्याने तो मागितलेला नाही. त्याने अर्ज फक्त वहिनीसाठी केला. गंमत कुठवर करावी हे मला समजले नाही, हा माझा दोष आहे.

आज बायको वरूडहून परस्पर येथे आली. हवालदार साहेबांसमोर तिने उत्तमरावास सांगितले, "भाऊजी, थे बाई मीच." उत्तमरावाने वहिनीच्या पायाला हात लावला आणि अर्ज परत मागितला, फाडून टाकतो म्हणाला.

बायकोने तो फाडू दिला नाही. ती म्हणाली, "राहू द्या साहेब सरकारात. माह्यासाठी आजलोग कोनी ठाण्यात आलं नवतं."

तिचे म्हणणे जसेच्या तसे नोंदवावे, अशी माझी विनंती आहे. माझी भावाविरुद्ध काही तक्रार नाही.

वरील मजकूर मला हळूहळू वाचून दाखवला, मी बोललो तसाच उतरला आहे, म्हणून सही करतो.

सही: पुंजाजी सोनाजी भुयार
समक्ष: मैनाबाई जौजे पुंजाजी भुयार, निशाणी डाव्या अंगठ्याची