चंद्राच्या गालावर

चित्रकार : फोटो? सर, पुन्हा एकदा म्हणा. माझं चित्र फोटो आहे?

परीक्षक : आवाज खाली घ्या, बाहेर लोक आहेत. सगळ्या समितीचं तेच म्हणणं पडलं. इतका हुबेहूब चंद्र हाताने होत नाही.

चित्रकार : अहो, स्पर्धेचा नियम तुमचाच ना? ‘संगणकावर काढलेला, खरा वाटेल असा चंद्र.’ खरा वाटला, तर बाहेर काढलात!

परीक्षक : खरा वाटावा. खरा असू नये.

चित्रकार : वा! एकेका खड्ड्याची कड मी हाताने घासलीये. सावल्या बसवता बसवता डोळ्यांच्या खाचा झाल्या. उघडू का फाइल? एकेक थर दाखवते.

परीक्षक : थर काय, फोटोवरही मागाहून चढवता येतात.

आई : साहेब, मी शेजारीच भाजी निवडत असायचे हो. पोरगी जेवायला उठायची नाही.

परीक्षक : बाई, तुम्ही तिची आई. तुमची साक्ष खरी कोण धरणार?

चित्रकार : तिला मध्ये घेऊ नका! या, या छापून आणलेल्या चित्राजवळ या. उजेड संपून अंधार सुरू होतो, तिथला हा छोटा खड्डा बघा. एका बाजूने कड चिरलेली. तुमच्या मागे चंद्राचा नकाशा टांगलाय ना? शोधा त्यात.

(परीक्षक चष्मा पुसून बराच वेळ नकाशा धुंडाळतात.)

परीक्षक : नाही सापडत.

चित्रकार : सापडेल कसा? चंद्रावर तो नाहीच. मी घातलाय. आता सांगा, कुठल्या दुर्बिणीतून काढला मी हा फोटो?

परीक्षक : बरं, चित्र तुमचंच. मानलं. पण मग अडचण वाढली.

चित्रकार : आता आणखी काय?

परीक्षक : चंद्र चुकला. हे विज्ञान केंद्र आहे, मुलं बघायला येतात. नसलेला खड्डा कसा चालेल? तेवढा बुजवा, दारासमोरच्या भिंतीवर लावतो.

चित्रकार : शाबास! बरोबर काढला तर मी चोर, आणि चोर नाही हे दाखवलं तर चित्र चूक. तुम्हाला चित्र हवंय की मला नाचवायचंय?

परीक्षक : एवढ्याशा खड्ड्यासाठी भांडताय? बुजवायला असा किती वेळ लागतो?

चित्रकार : काहीच नाही. पण नाही बुजवणार.

आई : अगं, बुजव की! एवढी मेहनत मातीत घालतेस? काय करायचाय तो मेला खड्डा?

चित्रकार : तू नीट बघितलास तो?

आई : मला काय कळतंय त्यातलं.

चित्रकार : बघ तरी. कड कुठे चिरलीये बघ.

आई : अगं बाई... हा तर माझ्या गालावरचा.

परीक्षक : कसला?

आई : लहानपणी पायरीवर आपटले होते. त्याचा खळगा राहिलाय.

चित्रकार : घरातल्या एकाही फोटोत हा गाल नाही, सर. लग्नाच्यासुद्धा. खिडकीशी बसली तरी तोंड फिरवून. उजेड तिरका पडला की खळगा उठून दिसतो ना! चंद्राचंही तेच. समोरून उजेड असला की नुसती थाळी, तिरक्या उजेडात त्याला जीव येतो. हे मी हिच्या गालावर शिकले, तुमच्या नकाशावर नाही. आणि तोच बुजवू?

परीक्षक : भावना समजतात मला. पण माझाही इलाज नाही. खड्डा असेल तर चित्र लागणार नाही.

आई : मग नका लावू, साहेब.

चित्रकार : आई?

आई : गुंडाळ ते. घरी लावू, खिडकीशेजारी. पण थांब, आधी त्याच्याजवळ माझा एक फोटो काढ. ह्या गालाकडून.