पंचेचाळीस अक्षरांचा शब्द

भोसरीच्या बसथांब्यावर माझ्या पुढे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आणि कामावरून सुटलेले तिचे वडील उभे होते.

"पप्पा, इंग्रजीतला सगळ्यात लांब शब्द! पंचेचाळीस अक्षरं. उद्या स्पर्धेत हाच म्हणणार. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस."

"अगं बाई! एका दमात? मला तर मधी दोनदा थांबावं लागंल."

"अर्थ पण सांगायचाय. सिलिकाची एकदम बारीक धूळ श्वासातून छातीत जाते, तिथंच बसते आणि फुप्फुसं कडक होत जातात."

"सिलिका म्हंजी?"

"वाळूत असते ती."

"वाळूत? कुणाला होतं हे?"

"मॅडम म्हणाल्या, असली धूळ खाणीत असते, फाउंड्रीत असते... पप्पा, तुमची फाउंड्रीच ना?"

"हाय की. दिवसभर वाळूच्या साच्यात लोखंड ओतत असतो आमी. पण काय होत न्हाई. सुटताना रोज गुळाचा खडा देत्यात. गूळ खाल्ला की धूळ उतरती. इतकी वर्षं खातोय."

"पण पप्पा, गूळ पोटात जातो."

"मग?"

"धूळ छातीत जाते. दोन्ही नळ्या वेगळ्या असतात. आम्हाला विज्ञानात आकृती होती."

"औषध काय असतं गं त्याला?"

"अर्थामध्ये तेवढं दिलं नव्हतं."

"बरं. घरी आईला म्हणून दाखवशील, तवा नुसता शब्द म्हण. अर्थ सांगू नको."

"नाही सांगत. पण मग तुम्ही पण तिच्यासमोर खोकू नका."