तिसऱ्या बेसजवळची माती

लॉर्नटन शहर पोलीस ठाणे. शनिवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

नाव: रेजिना अँड्र्यू हुडाक. वय: ६८ वर्षे. व्यवसाय: शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त. राहणार: ४१, टॅनर स्ट्रीट, कार्व्हर पार्कच्या मागे, लॉर्नटन, पेनसिल्व्हेनिया.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, सार्जंट पाइक यांनी विचारल्यावरून सांगते, की वरील पत्त्यावर मी जन्मापासून राहते. लग्न केलेले नाही. शिक्षण सेंट लुडमिला कॉन्व्हेंटमध्ये झाले. माझे वडील अँड्र्यू हुडाक कार्व्हर पार्क या बेसबॉलच्या मैदानावर एकतीस वर्षे ग्राउंड्समन, म्हणजे मैदानाची निगा राखणारे, होते. मैदान नगरपालिकेने विकले असून सोमवारपासून ते पाडले जाणार आहे. विकत घेणाऱ्या कंपनीने आज सकाळी अकरा ते तीन या वेळात तेथे निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. कंपनीतर्फे ट्रेंट मॅडिगन नावाचा तरुण व्यवस्था पाहत होता. माझ्याविरुद्ध तक्रार त्यानेच दिली आहे.

घरोघरी वाटलेल्या पत्रकात असे छापले होते, की प्रत्येकाला मैदानात उतरता येईल आणि आठवण म्हणून मूठभर माती नेता येईल. माझे जाण्याचे कारण तेवढेच होते. मी घरून झाकणाचा डबा आणि बागेतले खुरपे नेले होते. सोबत शेजारीण डोलोरेस किराली होती, वय ७४.

आम्ही सव्वाअकराला आत गेलो. बाके काढून नेलेली होती. कर्ण्यावर गर्दीच्या जल्लोषाची ध्वनिफीत लावली होती. मैदानात त्या वेळी साठ-सत्तर माणसे असतील, आणि कुणीही ओरडत नव्हते. संघाचे चिन्ह असलेल्या बीव्हर या प्राण्याचा पोशाख घातलेला एक माणूस मुलांना जवळ घेऊन फोटो काढत होता. त्या पोशाखाला घामाचा वास येत होता. मधल्या भागावर, म्हणजे जेथे माती असते तेथे, हिरव्या प्लास्टिकची चटई अंथरून सभोवती दोर बांधला होता. दोराच्या अलीकडे टेबल होते आणि टेबलावर मातीच्या बरण्या. सोनेरी चिठ्ठीवर लिहिले होते, ‘आठवणींची मूठ, अस्सल कार्व्हर पार्क’. एका बरणीला बारा डॉलर.

मी मॅडिगनला विचारले, "मूठभर माती आपल्या हाताने घ्यायची होती ना?"

तो म्हणाला, "विम्याची भानगड असते, मॅडम. कुणी पाय मुरगळून घेतला तर? त्यापेक्षा बरणी बरी. कपाटात छान दिसते."

डोलोरेस म्हणाली, "कपाटात माझ्या नवऱ्याच्या दाताची कवळीसुद्धा छान दिसते. म्हणून मी ती विकत नाही."

मी एक बरणी विकत घेऊन उघडली. माझे वडील मैदानाची माती स्वतः बनवत. खाडीकाठची चिकणमाती, वाळू आणि बंद पडलेल्या वीटभट्टीतला लाल भुगा. शाळा सुटली की मी त्यांच्या अवजारांच्या खोलीत बसून गृहपाठ करत असे. मैदानावर पाणी मारले की विटेचा वास उठे, आणि आई जेवायला हाक मारेपर्यंत तो माझ्या गणवेशाला येत असे. माती जमली की नाही हे ओळखण्याची त्यांची एक पद्धत होती. चिमूटभर माती तळहातावर घ्यायची, तीवर थुंकायचे आणि दोन्ही हातांत वळायची. मेणबत्तीच्या वातीइतकी बारीक झाली आणि तुटली नाही, तर माती खेळायला तयार. मुलींनी थुंकू नये असे आम्हाला शाळेत शिकवले होते. आज मी साठ माणसांसमोर थुंकले. माती वळली नाही. ती काळी होती, तिला शेणखताचा वास होता आणि तीत पांढरे हलके कण होते, रोपवाटिकेच्या पिशवीत असतात तसे.

मी म्हटले, "ही कुंडीची माती आहे."

मॅडिगन हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, रांग लागलीय. माती ती माती. कुणाला कळतंय?"

मला किळस आली. हा शब्द मी विचार करून वापरते आहे. राग आला असता तर मी कदाचित घरी गेले असते.

त्यानंतर मी तीन बरण्या उघडून त्यातील माती मॅडिगनच्या बुटांवर ओतली. मी ती त्याच्या अंगावर फेकली असे तक्रारीत आहे, ते खरे नाही. टेबल मी उलटवलेले नाही. ते दोर ओलांडताना डोलोरेसच्या कमरेचा धक्का लागून पडले, आणि तिची कंबर कशी आहे हे सर्व गावाला माहीत आहे. किती बरण्या फुटल्या ते मी पाहिले नाही.

आम्ही दोघींनी तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना खेळाडू गाठतो त्या तिसऱ्या खुणेच्या, बाजूने चटईचे टोक धरून उचलले. खाली माती नव्हती. कमरेइतका खड्डा होता. त्यात खडी, साचलेले पाणी, कॉफीचे कागदी पेले आणि एक मेलेला पक्षी होता.

जवळच खोदकामाचे यंत्र उभे होते. त्याचा चालक वेंडेल याला मी विचारले. तो टोपी काढून म्हणाला, "आजी, माती तर मंगळवारीच गेली. सत्तावीस खेपा झाल्या. कॅनॉल रोडला ट्रक उभे करायला तळ करतायत ना, तिकडे भरावाला. मला वाटलं, तुम्हाला सांगितलं असेल."

डोलोरेस मॅडिगनकडे वळून म्हणाली, "माझा अर्नी होता रे त्यात, मेल्या. चाळीस वर्षं मी त्याला सोफ्यावरून उठवू शकले नाही, आणि तू त्याला ट्रकमध्ये भरून नेलंस?"

मॅडिगनला काही कळले नाही. रांगेतल्या बऱ्याच जणांना कळले. दोन पुरुष खाली बसले. एक बाई हातातली बरणी टेबलाच्या जागी ठेवून निघून गेली.

सार्जंट पाइक यांनी याचा खुलासा विचारला. आमच्या वस्तीत एक रीत होती. तिसऱ्या बेसच्या बाजूची तिकिटे सर्वांत स्वस्त, म्हणून टॅनर स्ट्रीटची माणसे तेथेच बसत. कुणी वारले, की घरचे लोक राखेतील थोडी कागदाच्या पुडीत ठेवत. हंगामाचा पहिला सामना ज्या दिवशी असे, त्या सकाळी ती पुडी माझ्या वडिलांकडे आणत. ते टोपी काढत, राख तिसऱ्या बेसमागच्या मातीत मिसळत, दाताळे फिरवत, पाणी मारत. मग चुन्याची रेघ ओढत. दुपारी सामना होई. वडील कुणाला नाही म्हणाले असे मला आठवत नाही. आमच्या फादरना हे ठाऊक असावे, कारण त्या सकाळी ते कधीही मैदानावरून जात नसत. कुणाकुणाची राख तेथे आहे, ती नावे मी सांगणार नाही. डोलोरेसने स्वतःच सर्वांदेखत सांगितले, म्हणून तिच्या नवऱ्याचे, अर्नीचे, नाव घेतले.

माझे वडील एकोणीस वर्षांपूर्वी वारले. त्यांची अर्धी राख आईशेजारी दफनभूमीत आहे. अर्धी मी स्वतः तिसऱ्या बेसमागे मिसळली. राख एका जागी, अखंड ठेवावी, वाटू नये, असा आमच्या चर्चचा नियम आहे, आणि तो मला तेव्हाही माहीत होता. वडिलांनी मागितले होते. मैदान कुठे जाणार नाही असे मला वाटले होते. ही गोष्ट मी एकोणीस वर्षांत पापांच्या कबुलीच्या वेळी फादरना सांगितलेली नाही. प्रथम सांगते आहे ती पोलिसांना.

सार्जंट पाइक म्हणाले, "बाई, परवान्याशिवाय राख टाकणं शहराच्या नियमात गुन्हा आहे. हे लिहायलाच हवं का?"

मी म्हटले, "लिहा."

जबाबापूर्वी याच ठाण्याच्या बाकावर मॅडिगन माझ्याशेजारी येऊन बसला. तो म्हणाला, "आजी, आपण दोघंही दमलोय. बरणीतली माती मैदानाचीच होती, माझा गैरसमज झाला, एवढं दोन ओळींत लिहून द्या. मी तक्रार मागे घेतो. वर एक बरणी भेट." मी त्याला उठून दुसऱ्या बाकावर बसण्यास सांगितले. तो बसला नाही, म्हणून मी बसले.

मी बरण्यांविषयी दिलगिरी व्यक्त करत नाही. राखेचे सांगितले नाही, तर मी नुसती धिंगाणा घालणारी म्हातारी ठरते आणि कॅनॉल रोडचे काम चालू राहते. वेंडेलच्या सांगण्याप्रमाणे मातीचे ढीग अद्याप पसरलेले नाहीत. सोमवारी सकाळी सहाला ते दाबून वर डांबर टाकले जाईल. ते काम थांबवावे अशी माझी पोलिसांना विनंती आहे. सार्जंट पाइक म्हणाले, की ते पोलिसांच्या हातात नाही, त्यासाठी न्यायालयात जावे लागेल, आणि न्यायालय सोमवारी नऊला उघडते. हेही लिहून घ्यावे असे मी सांगितले. त्यांनी लिहिले.

उद्या रविवार आहे. सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला मी असणार नाही. पुढील चौकशीसाठी माझी गरज लागल्यास मी उजाडल्यापासून कॅनॉल रोडवरील ट्रकतळावर सापडेन. तेथे सत्तावीस ढीग आहेत. तिसऱ्या बेसचा ढीग कोणता, हे वेंडेललाही सांगता येत नाही. त्यामुळे गुडघे कुठे टेकायचे, हे मला माहीत नाही.

वरील मजकूर सार्जंट पाइक यांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. त्यात काही कमी करायचे नाही.

सही: रेजिना हुडाक
समक्ष: सार्जंट पाइक