शाळेची कमान

मलावीच्या सरोवराकाठी, दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे दोघं बसले होते. शाळा समितीचे अध्यक्ष म्सोसा आणि मासळी सुकवणारी एसिनाती. दोघांसोबत आपापला मुलगा.

"काका, आरोग्याचा तास बंद केलात, आणि आता स्वतःच रांगेत?"

"समितीकडे पैसा नव्हता. चिसाले बाईंचं मानधन कुठून द्यायचं?"

"कमान बांधायला होता की."

"कमान दिसते तरी. उथळ पाण्यात डुंबू नका, हे ऐकून कुणाचं पोट भरलं?"

"तुमचं जाळं सध्या कोण ओढतं?"

"रोजाचा माणूस लावलाय. पोराच्या अंगात ताकदच उरली नाही."

"त्याच्या मजुरीत बाईंचं मानधन भागलं असतं."

"डिवचू नकोस. लघवीतून रक्त जाणं हा रोग आहे, हे मला काय ठाऊक? आपल्यात म्हणतात, मुलगा वयात आला. मी कोंबड्या कापल्या, शेजारपाजार जेवायला घातला."

"मीही जेवले. घरी सांगितलं तर माझा थोरला म्हणाला, आई, हा पाण्यातल्या किड्यांचा आजार आहे, बाईंनी शिकवलंय."

"मग तेव्हाच सांगायचंस ना मला."

"दुसऱ्या दिवशीच सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, बाईंची पोपटपंची आहे."

"बरं, थोरला एवढा शहाणा, मग तू इथं कशाला?"

"या धाकट्यासाठी. भावाचं ऐकत नाही हा. बाईंचं ऐकलं असतं, पण हा शाळेत गेला तोवर तुमची कमान उभी राहिली होती."